क्रमांक 248 आणि क्रमांक 10

मंडळी, कॉलेजात मुलगा कुठल्या पद्धतीने खेळला यावर अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याची निवड कशी ठरते, हे आज सांगायचंय. पण आधी एक कबुली देतो. मी खेळाडू नाही, प्रशिक्षक तर नाहीच नाही. 2003 साली टेक्सासमधल्या लबक या गावी एम.एस. करायला गेलो. कापसाची शेतं, सपाट माळ आणि तोंडात धूळ भरणारा वारा, एवढंच गाव. शनिवारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून फुटबॉल बघायला लागलो. इथला फुटबॉल, पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात तो.

त्या वर्षी टेक्सास टेकचा, म्हणजे लबकच्या विद्यापीठाचा, क्वार्टरबॅक होता बी. जे. सिमन्स. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा कर्ताधर्ता. त्याने एका हंगामात 5,833 यार्ड फेक केली, म्हणजे त्याच्या फेकींनी संघ तेवढा पुढे सरकला, आणि 52 टचडाउन केले; टचडाउन म्हणजे इथला गोलच समजा. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये तोवर इतके यार्ड एका हंगामात कुणीच केले नव्हते. मला वाटलं, आता याच्यावर एनएफएलवाल्यांच्या, म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या संघांच्या, उड्या पडणार. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला, आणि सिमन्सचा नंबर लागला 248 वा. त्या वर्षी एकूण निवडलीच गेली होती 255 मुलं. म्हणजे पंगत उठता उठता त्याला पान मिळालं.

माझं हे सगळं कुतूहल त्या 248 या आकड्यापासून सुरू झालं.

ड्राफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या डोक्यात आयपीएलचा लिलाव असतो आणि हे तसं नाही. इथे बोली लागत नाही. 32 संघ, सात फेऱ्या. गेल्या वर्षी जो सर्वांत खाली राहिला त्याला सर्वांत आधी निवडायचा मान. कुठल्या संघात जायचं हे मुलाच्या हातात नसतं. आणि 2011 पासून नवख्यांच्या पगाराची उतरंड ठरलेली आहे, त्यामुळे कितव्या क्रमांकावर निवडला गेलास यावरच पहिल्या कराराचा आकडा जवळजवळ ठरतो. पहिला आणि शंभरावा यांच्यात कोट्यवधी रुपयांचं अंतर असतं.

मग सिमन्स 248 वा का? लबकमध्ये कुणालाही विचारा, एकच उत्तर यायचं: "सिस्टीम क्वार्टरबॅक." म्हणजे पोरगा चांगला नाही, पद्धत चांगली आहे; कुणालाही उभा करा, एवढे यार्ड होतीलच.

ही पद्धत म्हणजे एअर रेड. हॅल मम्मी आणि माइक लीच या दोघांनी ती 1989 च्या सुमारास आयोवा वेस्लियन नावाच्या एका चिमुकल्या कॉलेजात उभी केली. लीच 2000 साली लबकला प्रशिक्षक म्हणून आले. ते वकिलीची पदवी घेतलेले आणि चाच्यांच्या गोष्टी सांगणारे, एकंदर विक्षिप्त गृहस्थ होते. त्यांच्या पद्धतीत डाव मोजकेच, पण तेच डाव रोज घोटायचे. चार रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, मैदानभर पसरवायचे. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा. क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे उभ्या असलेल्या आपल्याच लाइनमनमध्ये मुद्दाम रुंद फटी ठेवायच्या. चेंडू हातात आला की लगेच सोडायचा. प्लेबुक, म्हणजे डावांची वही, म्हणाल तर जवळजवळ नाहीच.

एनएफएलचा तेव्हाचा क्वार्टरबॅक मात्र चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीला चिकटून उभा राहायचा, चेंडू घेऊन पाच-सात पावलं मागे पळायचा, मध्येच प्रतिस्पर्ध्यांकडे पाठ करून खोटी धाव दाखवायचा, मग वळून पहिला रिसीव्हर, दुसरा, तिसरा असं क्रमाने शोधायचा. शिवाय प्रत्येक डावाचं नाव म्हणजे रेल्वेगाडीएवढं लांब, ते घोळक्यात उभं राहून सगळ्यांना म्हणून दाखवायचं. लबकच्या मुलाने यातलं काहीच केलेलं नसायचं. त्याला हे जमणार नाही असं नव्हे; जमतं की नाही हे कुणी पाहिलंच नव्हतं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा, मुलाला निवडतो म्हणतात, पण तो निवडतो पुरावा. कॉलेजची पद्धत काही पुरावे ढिगाने पुरवते आणि काही झाकून ठेवते.

आता मैदान बघा. आपण फारसं लक्ष देत नाही, पण दोन्हीकडचं मैदान एक नाही. रुंदी तीच, 160 फूट. पण चेंडू जिथून सुरू करायचा त्या तुटक रेषा, म्हणजे हॅश मार्क, कॉलेजात एकमेकींपासून 40 फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. याचा हिशोब करा. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला तर एका बाजूला 60 फूट आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळं रान. स्प्रेड, म्हणजे एअर रेडसारखी पसरून खेळायची पद्धत, त्या 100 फुटांवर जगते. वर, म्हणजे एनएफएलमध्ये, गेल्यावर चेंडू जवळजवळ मधोमध येतो, मोकळी बाजू 90 फुटांच्या आत येते, आणि समोरचे बचावपटू जास्त चपळ असतात. 40 फुटांच्या हॅशवर सहज सापडणारा मोकळा रिसीव्हर तिथे सापडेलच असं नाही.

याचा सर्वांत मोठा चटका बसतो लाइनमनना, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. चेंडू दोन सेकंदांत सुटत असेल तर लाइनमनला तीन-साडेतीन सेकंद समोरच्याला थोपवून धरायची वेळच येत नाही. कित्येक मुलं कॉलेजची सगळी वर्षं दोन पायांवर उभी राहून खेळतात, जमिनीला हात टेकवून सुरुवात करायची सवयच नाही. वरच्या प्रशिक्षकाला त्याला बालवाडीपासून शिकवावं लागतं, आणि लीग व खेळाडू यांच्यातल्या 2011 च्या करारानंतर सरावाचे दिवसही कमी झालेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एअर रेडवरचा संशय काही हवेतून आला नव्हता. केंटकी विद्यापीठात मम्मींच्या हाताखाली खेळलेला टिम काउच 1999 साली पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडला गेला आणि त्याची कारकीर्द फसली. त्याआधी ह्यूस्टन विद्यापीठाच्या रन अँड शूट या फेकण्यावरच भर असलेल्या पद्धतीतले दोघं, आंद्रे वेअर 1990 साली सातव्या आणि डेव्हिड क्लिंगलर 1992 साली सहाव्या क्रमांकावर गेले. त्यांचंही वर काही झालं नाही. दुधाने तोंड पोळलेले संघ मग ताकही फुंकून पिऊ लागले. पण काउचच्या बाबतीत मला नेहमी वाटतं, दोष चुकीच्या माणसाच्या माथी गेला. क्लीव्हलँडचा तो संघ नव्यानेच उभा राहिला होता. पहिल्याच वर्षी काउच 56 वेळा चेंडूसकट आडवा झाला. एवढा मार खाऊन कुठली पद्धत टिकेल?

संशयाचा असा शिक्का कुणालाही बसतो, एअर रेड असायलाच हवं असं नाही. कॅलिफोर्नियाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड यांचे क्वार्टरबॅक शिष्य एकामागून एक पहिल्या फेरीत गेले: डिल्फर, अकिली स्मिथ, कार, हॅरिंग्टन, बोलर. बहुतेकांनी निराशा केली. मग 2005 साली त्यांचाच ॲरन रॉजर्स आला तेव्हा "हाही टेडफर्डचाच" अशी कुजबूज झाली आणि तो घसरत घसरत 24 व्या क्रमांकावर गेला. पुढे तोच गाजला. आता त्या 23 निवडी करणारे संघ काय म्हणत असतील ते त्यांनाच विचारा.

पुन्हा लबकला येऊ. 1 नोव्हेंबर 2008. समोर तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर असलेला टेक्सास विद्यापीठाचा संघ. शेवटच्या क्षणांत ग्रॅहॅम हॅरेलने चेंडू फेकला, मायकेल क्रॅबट्रीने झेलला आणि घड्याळात एक सेकंद उरला असताना टचडाउन केला. टेक 39, टेक्सास 33. तोवर मी नोकरीसाठी डॅलसला आलो होतो, खोलीवर एकटाच ओरडलो. पुढच्या एप्रिलमध्ये चेंडू झेलणारा क्रॅबट्री दहाव्या क्रमांकावर गेला. फेकणारा हॅरेल, कारकिर्दीत पंधरा हजारांहून जास्त यार्ड केलेला, सात फेऱ्यांत कुणीच घेतला नाही. पास एकच, पद्धत एकच. पण झेलणाऱ्याचे हात आणि अंगावर आलेल्याला झटकून पळणं पडद्यावर दिसत होतं, आणि फेकणाऱ्याची बुद्धी पद्धतीच्या आड गेली.

उलटंही होतं. जॉर्जिया टेक पॉल जॉन्सन यांच्या हाताखाली ट्रिपल ऑप्शन खेळायचं. चेंडू फेकायचाच नाही, धावायचं. तिथे डिमेरियस थॉमसला 2009 च्या हंगामात फक्त 46 झेल मिळाले. पण दर झेलामागे पंचवीस यार्ड! क्वचित मिळालेली संधी आणि त्यात असा तडाखा. डेन्व्हरने त्याला 22 वा घेतला. त्याच फेरीत 25 व्या क्रमांकावर त्यांनी फ्लॉरिडाचा टिम टीबो घेतला, ज्याच्या फेकीवर सगळे पंडित नाक मुरडत होते. जानेवारी 2012 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेतल्या पहिल्याच डावात टीबोने थॉमसला चेंडू दिला आणि 80 यार्डांवर सामना संपला. टीबो वर टिकला नाही ही गोष्ट वेगळी. पण ती संध्याकाळ डेन्व्हरवाले विसरत नाहीत.

(प्रेक्षकांतून प्रश्न आला: मग माहोम्सचं काय?)

त्याच्याकडेच येत होतो. पॅट्रिक माहोम्स, टेक्सास टेकचाच क्वार्टरबॅक. तेच लबक, तेच स्टेडियम, तशीच पद्धत. प्रशिक्षक क्लिफ किंग्सबरी, म्हणजे लीच यांचाच जुना क्वार्टरबॅक, 2003 साली स्वतः सहाव्या फेरीत निवडला गेलेला. 2016 साली माहोम्सने ओक्लाहोमाविरुद्ध एका सामन्यात 734 यार्ड केले आणि तरी 66-59 असा हरला. सिमन्सचीच पुनरावृत्ती वाटावी. पण 2017 साली कॅन्सस सिटीने वरच्या क्रमांकासाठी पुढच्या वर्षाची पहिली निवडसुद्धा मोजली आणि त्याला दहावा घेतला.

चौदा वर्षांत लबकमध्ये फार काही बदललं नव्हतं. बदललं होतं गिऱ्हाईक. कॅन्सस सिटीच्या अँडी रीड यांनी कॉलेजच्या स्प्रेडचा अभ्यास करायला 2013 मध्येच एक वेगळा माणूस नेमला होता, ब्रॅड चिल्ड्रेस. पदाचं नावच "स्प्रेड गेम ॲनालिस्ट". म्हणजे लबकचा मुलगा काय करतो हे त्यांना वाचता येत होतं. शिवाय त्यांनी घाई केली नाही. पहिलं वर्ष त्याला ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवला. तो ॲलेक्स स्मिथही यूटाच्या स्प्रेडमधून आलेला, 2005 चा पहिला क्रमांक. दुसऱ्या वर्षी माहोम्सने 50 टचडाउन केले.

पुढे तर गंमतच झाली. 2018 च्या शेवटी टेक्सास टेकने किंग्सबरींना नारळ दिला. कॉलेजात हरलेल्या या माणसाला दोन महिन्यांत ॲरिझोनाच्या एनएफएल संघाने मुख्य प्रशिक्षक केलं, आणि त्यांनी पहिल्या क्रमांकावर कायलर मरी घेतला, एअर रेडमध्येच वाढलेला, जेमतेम पाच फूट दहा इंचांचा. दहा वर्षांपूर्वी त्या उंचीच्या मुलाला रिसीव्हर हो म्हणाले असते.

जो बरोचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं, कारण तिथे मुलगा तोच राहिला आणि पद्धत बदलली. 2018 साली एलएसयूकडून, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, या क्वार्टरबॅकचे 16 टचडाउन. पुढच्या हंगामाआधी न्यू ऑर्लीन्स सेंट्स या एनएफएल संघाकडून जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक आला, एनएफएलच्याच कल्पना घेऊन. 2019 साली बरोचे 60 टचडाउन आणि ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. आता सांगा, कुठला बरो खरा?

अलीकडे मुलांनाही हे कळू लागलंय. विद्यापीठ बदलणं सोपं झाल्यापासून ती पद्धत बघून घर बदलतात. टेक्सासमधला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड शाळेत विंग-टी नावाच्या जुन्या, धावण्यावर भर असलेल्या पद्धतीत खेळायचा. फेकायला चेंडूच मिळायचा नाही, त्यामुळे मोठ्या विद्यापीठांनी ढुंकून पाहिलं नाही. त्याला घेतलं सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाने. तिथून तो वॉशिंग्टन स्टेटला गेला, 2024 च्या ड्राफ्टला नाव दिलं, मग मागे घेतलं, आणि एक वर्ष मायामीत खेळून 2025 साली पहिल्या क्रमांकावर टेनेसीला गेला.

इन्कार्नेट वर्डमध्ये त्याला घेणारे प्रशिक्षक होते एरिक मॉरिस. लबकमध्ये लीच यांच्या हाताखाली रिसीव्हर म्हणून खेळलेले. 2008 च्या त्या संघात तेही होते.