रियासतकार सरदेसाई : शिकवता शिकवता लिहिलेला इतिहास

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, रियासतकार सरदेशांवर बोलायचं म्हटलं की बहुतेक वक्ते पेशवे दप्तरापासून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांपासून, सुरुवात करतात. मी बडोद्यापासून करणार आहे, आणि त्याला कारण आहे. मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सरदेशांकडे मी आधी शिक्षक म्हणून बघतो आणि मग इतिहासकार म्हणून. तसं पाहिलं की त्यांच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, असा माझा अनुभव आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कोकणातल्या हुशार मुलांचा तेव्हाचा ठरलेला रस्ता त्यांनीही धरला : रत्नागिरीचं हायस्कूल, मग पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं एल्फिन्स्टन. १८८८ ला बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. हुद्दा होता वाचक. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, त्यातलं सार सांगायचं, टिपणं काढायची. हे काम हलकं समजू नका. सयाजीराव हे कवळाण्याच्या शेतकरी घरातून वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक आलेले राजे. अक्षरओळख त्यानंतरची. त्यांना शिकण्याची जी भूक होती, ती भागवणं सोपं नव्हतं. ‘हे पुस्तक काय म्हणतं ते मला सांगा’ असं विचारणारा राजा समोर बसला की पाल्हाळाला जागा राहत नाही. त्यांच्याच इच्छेवरून सरदेशांनी मॅकिआव्हेलीचा ‘प्रिन्स’ मराठीत ‘राजधर्म’ म्हणून आणला आणि सीलीचं इंग्लंडच्या विस्तारावरचं पुस्तकही आणलं.

पुढे राजपुत्रांना शिकवायचं काम अंगावर पडलं, आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. हिंदुस्थानचा इतिहास मुलांना मराठीतून शिकवायचा, तर हातात द्यायला पुस्तक कुठे होतं? मराठ्यांचा म्हणावा तर ग्रँट डफचा १८२६ चा इंग्रजी ग्रंथ. बाकी बखरी. शिक्षक अशा वेळी काय करतो? रात्री बसून उद्याच्या धड्याचं टिपण काढतो. मीही तेच केलं आहे, इथे बसलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनीही केलं आहे. आमची टिपणं वह्यांत राहिली. सरदेशांच्या टिपणांची ‘मुसलमानी रियासत’ झाली. साल १८९८.

हे साल लक्षात ठेवा. याच १८९८ मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड निघाला. मराठी इतिहासलेखनाच्या दोन वाटा एकाच वर्षी सुरू झाल्या, असं मी म्हणेन. राजवाडे गावोगाव पायी हिंडून दप्तरं शोधत होते. घराघरातल्या माळ्यांवर, फडताळांत कुजत पडलेले मोडी कागद ते वाचवत होते. तिकडे मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेतली नोकरी सांभाळून पटवर्धनांचे कागद छापत होते. या मंडळींचं म्हणणं असं, की आधी कागद बाहेर येऊ द्या, सगळे येऊ द्या, मग इतिहास लिहा. त्याआधी लिहाल तर तो कच्चा राहील.

सरदेशांनी तो कच्चा इतिहास लिहिला. १९०२ पासून ‘मराठी रियासती’चे भाग येऊ लागले. पूर्व, मध्य, उत्तर असे विभाग करत १८४८ पर्यंतचा, म्हणजे साताऱ्याचं राज्य खालसा होईपर्यंतचा इतिहास त्यांनी आणून पोचवला. त्याला तीस वर्षं लागली. टीका भरपूर झाली. हा संशोधक नव्हे, संकलक आहे; दुसऱ्यांनी खणून काढलेलं सोनं घेऊन हा दागिने घडवतो, असा एकूण सूर. मला विचाराल तर या टीकेत तथ्य आहे. आणि तरीही सरदेसाई बरोबर होते. सगळे कागद बाहेर आल्यावर लिहू, असं म्हणणाऱ्याला वर्गात उद्या सकाळी उभं राहायचं नसतं. समोर मूल बसलेलं असतं, त्याला आजच्या तारखेला जेवढं कळलंय तेवढं नीट सांगावंच लागतं. नवा कागद सापडला की धडा बदलायचा. सरदेशांनी धडा बदलण्यात कधी कमीपणा मानला नाही, हे त्यांचं मोठेपण.

या कामात त्यांना मित्र भेटला तो बंगाली. जदुनाथ सरकार. त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पाटण्याला प्राध्यापक, औरंगजेबावर काम करत होते. एकाला फारसी साधनं हवीत तेवढी वाचता येत, दुसऱ्याला मोडी आणि मराठी. पत्रव्यवहार सुरू झाला तो जवळजवळ अर्धशतक चालला. जदुनाथ मराठी शिकले. सरदेशांनी पाटणा विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासावर व्याख्यानं दिली, ती १९२६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. पुण्यातल्या काही संशोधकांना ही जोडी खटकायची. जदुनाथांची मतं मराठी अभिमानाला बोचत, आणि त्याचा राग सरदेशांवर निघे. त्या वादात मी शिरत नाही. दोन प्रांतांतल्या दोन माणसांनी आयुष्यभर एकमेकांच्या चुका पत्रांतून दुरुस्त केल्या, एवढं मला पुरेसं वाटतं.

१९२५ मध्ये सरदेसाई निवृत्त झाले. घरचं दुःख मोठं होतं. मुलगा श्यामकांत, शांतिनिकेतनात शिकलेला, अतिशय बुद्धिमान, तो ऐन तारुण्यात गेला. त्याची पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली आहेत. वाचताना गळा दाटून येतो. यावर मी जास्त बोलणार नाही. सरदेसाई बडोदा सोडून मावळात कामशेतला येऊन राहिले आणि साठीनंतरच्या माणसाने जे करू नये असं घरचे सांगतात, तेच त्यांनी केलं. पेशवे दप्तर अंगावर घेतलं.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या ताब्यात गेलेले ते कागद. रुमालांमागून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बहुतेक सगळं मोडीत. इनामांचे दावे तपासायला सरकारला ते लागत, म्हणून जपून ठेवलेले. संशोधकाला मात्र आत सहज पाऊल टाकता येत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनासुद्धा तिथलं थोडंच पाहायला मिळालं. ते दप्तर चाळून निवडक कागद छापायचं काम मुंबई सरकारने सरदेशांवर सोपवलं. मदतनीस हाताशी घेऊन त्यांनी १९३० पासून चारेक वर्षांत ४५ खंड काढले. पंचेचाळीस! आजच्या विद्यापीठांत एका खंडाच्या समितीची पहिली बैठक व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात.

घाई झाली, हे खरं आहे. मराठी पत्रांत पुष्कळदा तिथी असते आणि साल नसतं. ते संदर्भावरून लावावं लागतं, आणि काही पत्रांची सालं त्यांच्याकडून चुकीची लागली. नंतरच्या अभ्यासकांनी ती दाखवून दिली. पण दाखवता आली, कारण पत्रं छापून समोर आली होती. माझी खरी तक्रार वेगळी आहे. रियासतीत राजे, पेशवे, सरदार यांची इतकी दाटी आहे की शेतसारा भरणारा कुणबी, पेठेतला सावकार, लष्करामागून चालणारे बाजारबुणगे कोपऱ्यातच राहतात. दप्तरात ती माणसं आहेत. सरदेशांच्या नजरेने त्यांना फारसं उचललं नाही.

आणि मग त्यांनी परत एकदा धडा बदलला. ४५ खंडांतून आणि पुणे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीच्या, इंग्रजी पत्रव्यवहारातून जे नवं हाती आलं, ते धरून मराठ्यांचा सगळा इतिहास पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले, या वेळी इंग्रजीत. पहिला खंड १९४६ ला निघाला तेव्हा त्यांना एक्याऐंशी वर्षं झाली होती. तिसरा १९४८ ला. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढच्या वर्षी जदुनाथ गेले, आणि २९ नोव्हेंबर १९५९ ला कामशेतला सरदेसाई.

आता एक विनंती. मागच्या टेबलावर मी पेशवे दप्तराचा दुसरा खंड ठेवला आहे, पानिपतच्या पत्रांचा. मोडी येत नसलं तरी चालेल, छपाई बाळबोध, म्हणजे देवनागरी आहे. जाताना कोणतंही एक पत्र उभ्या उभ्या वाचा, आणि त्याला तिथी आहे की नाही, साल आहे की नाही, तेवढं बघा.