सातबारा कोणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. जेवणं व्हायची असतील तर होऊ द्या, रेडिओला ताट आडवं येत नाही.

मागच्या बुधवारी तालुक्याच्या बाजारात एका मुलीनं मला गाठलं. बारावी झालेली, घरी कापूस अन् तूर. म्हणाली, "सर, मले ब्लॉग लिहायचा हाय. कोठी लिहू?" मी तालुक्याला संगणकाचे वर्ग घेतो, त्यामुळे असे प्रश्न मला भाजीच्या पालासमोरच येतात. हातात वांग्याची पिशवी, मागून ऑटोवाला भोंगा वाजवून राहिला. तिला जे सांगितलं ते अर्धवटच झालं. म्हणून आज नीट सांगतो, ती ऐकत असेल तर बरंच.

पहिली गोष्ट. ब्लॉग, म्हणजे इंटरनेटवरची आपली वही, कुठंही काढा, खातं तुमच्या स्वतःच्या नावावर पाहिजे. तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल नंबर, पासवर्ड तुम्हाला पाठ. परत सांगतो. भाच्याच्या नावावर नको, पुतण्याच्या नको, झेरॉक्सवाल्याच्या तर मुळीच नको. वावर कसताना आपण आधी सातबारा पाहतो की नाही? तसंच आहे हे.

हे मी का घोकतोय, त्यासाठी तुम्हाला आमच्या मास्तरांची गोष्ट ऐकावी लागेल.

मास्तर म्हणजे मला चौथीला शिकवणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना एक नाद. १९८४ पासून ते वहीत पावसाची अन् पिकाची नोंद ठेवतात. मृगाचा पहिला पाऊस कोणत्या तारखेला आला, सरकी कधी टोबली, दुबार पेरणी लागली का, पोळ्याला कोणाची जोडी कशी सजली होती, सगळं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हाचं पान तर असं लिहिलंय की वाचताना बोंड फोडून पाहिल्यासारखं वाटतं. अशा बावीस वह्या. लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्या टाकून.

मास्तरांचा पुतण्या इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "काका, हे जगानं वाचलं पाहिजे. पण फुकटातलं नको, आपलं स्वतःचं डोमेन घेऊ." पोट्टा हुशार, मनानंही चांगला. त्यानं आपल्या कार्डावरून मास्तरांच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, घेतलं; होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, तेही घेतलं. वह्या टाइप करायला तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे दिल्या. त्यानं टाइप केलं जुन्या फॉन्टमध्ये, पत्रिका छापतात त्या. साइटवर टाकलं तर मृगाचा पाऊस गेला कुठच्या कुठं, नुसते कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं. मास्तरांनी पाहून विचारलं, "हे कोणत्या देशाचं हाय?" मग ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, बदलून घेतलं. म्हणून मधेच सांगून ठेवतो, मराठी लिहायची तर युनिकोडमध्येच. फोनवर लिहिता ते युनिकोडच असतं, त्याची काळजी नको. डीटीपीवाल्याला मात्र आधीच बजावा.

दोन वर्षं मस्त चाललं. मास्तर पंगतीत बसले की वरणाआधी साइटचा पत्ता वाढायचे. मग पुतण्याला पुण्यात नोकरी लागली. आता नीट ऐका. डोमेन त्यानं घेतलं होतं कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर. पोरगा पास झाला, कॉलेजनं ईमेल बंद केला. डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, त्याची आठवण येत होती त्या बंद पडलेल्या पत्त्यावर. कोणाला कळणार? मुदत गेली, आणखी काही दिवसांची सवलत असते तीही गेली, आणि ते नाव दुसऱ्या कोणीतरी उचललं.

त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर प्रमुख पाहुणे. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली. शाळेत मोठा टीव्ही आलेला. मुख्याध्यापक म्हणाले, आता आपण गुरुजींची वेबसाइट पाहू. मास्तर पांढऱ्या टोपीत, खुर्चीत ताठ. एका पोरानं पत्ता टाकला. आणि टीव्हीवर काय यावं? बदामची राणी! मागं नोटा उडतायत, खाली लिहिलेलं, रमी खेळा, पैसा जिंका. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाच कार्यक्रम. मागच्या रांगेतून एक आजी ओरडली, "बाई वो! मास्तर तं जुव्वा खेयते!"

मास्तर काही बोलले नाहीत. उठले, टोपी नीट केली, घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलला पिशवी लटकवून माझ्याकडे. पिशवीत वह्या. "पोट्ट्याले रागावू नको," म्हणाले, "मायीच चूक हाय. बांध कोरला असता तं दिसला असता. हे दिसलंच नाही."

वह्या होत्या म्हणून लेखन वाचलं. इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक संस्था जगभरच्या साइटच्या प्रती ठेवते, तिथं शोधून चार पानं सापडली. पण पोळ्याचे फोटो गेले. ते पुतण्याच्या जुन्या फोनमधून थेट साइटवर चढवले होते, दुसरीकडे कुठंच नव्हते. त्यातल्या एका जोडीतला उजवीकडचा बैल आता नाही. त्याचं नाव मास्तर अजून घेतात.

तर मग मास्तरांसाठी काय निवडलं? ब्लॉगर. गूगलचं आहे, १९९९ पासून चालू आहे, गूगलनं ते २००३ साली विकत घेतलं. पैसे लागत नाहीत. फोनमध्ये प्ले स्टोअर चालवता म्हणजे गूगलचं खातं तुमच्याकडे आहेच. पत्त्यात मागं ब्लॉगस्पॉट असं शेपूट लागतं, लागू द्या. पुढं लिहिणं टिकलं तर स्वतःचं डोमेन घेऊन त्यालाच जोडता येतं. आधी वर्षभर लिहा, मग डोमेन. विहीर खणायच्या आधी मोटारपंप कोणी आणतं का?

पासवर्ड मास्तरांनी तेविसाव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय. शहरातले तज्ज्ञ रागावतील. रागावू द्या. त्या लोखंडी पेटीवर मास्तरीणबाई बसलेल्या असतात. लिहितात कसे? बोलून. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबायचं आणि बोलायचं. फोनला आपली बोली अजून नीट कळत नाही, मास्तर म्हणाले डवरणी, त्यानं लिहिलं दवाखाना. दुरुस्त करायचं. पण बोली सोडायची नाही! वऱ्हाडी म्हणजे नुसती विनोदाला, सिनेमातल्या नोकराच्या तोंडी, हे मला आयुष्यभर खटकत आलंय. मराठी गद्य सुरुवातीला जिथं लिहिलं गेलं ते रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, आणि आपणच बोलायला लाजतो. असो. वेळ कमी आहे.

दुसरं नाव ऐकाल ते वर्डप्रेस. यात लोक फार गोंधळतात, कारण एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. डॉट कॉमवालं वर्डप्रेस म्हणजे त्यांच्याच जागेत राहणं. फुकटात मिळतं, पण फुकटात घेतलं तर ते आपल्या जाहिराती लावतात. डॉट ऑर्गवालं म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, तेही फुकट, पण ठेवायची जागा तुम्ही भाड्यानं घ्यायची, डागडुजीही तुमचीच. हौस असेल, शिकायचं असेल, तर छान आहे. पहिल्या ब्लॉगला नको. पुतण्यानं हेच केलं होतं.

मीडियम म्हणून आणखी एक आहे, २०१२ साली सुरू झालेलं. गंमत म्हणजे ब्लॉगर सुरू करणाऱ्यांतल्याच एकानं, इव्हान विल्यम्सनं, ते काढलं. दिसायला देखणं, पण वाचणारे बहुतेक इंग्रजी. फेसबुकवर लिहिणाऱ्यांना माझं इतकंच म्हणणं, तीन वर्षांपूर्वीचा तुमचाच मजकूर आज शोधून दाखवा. व्हॉट्सॲपचं तर बोलूच नका, सकाळी उगवत्या सूर्याचे चाळीस फोटो. अंगणात खरा सूर्य उगवलाय, तो पाहा ना.

आता शेवटचं, तेही दोनदा सांगतो. प्रत घरी ठेवा. प्रत घरी ठेवा. ऑर्कुट आठवतं? फेसबुकसारखंच होतं, २०१४ मध्ये बंद झालं. तसंच गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. दोन्ही गूगलचीच. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, दर महिन्याला एक फाइल उतरवून घ्यायची. तिच्यात लेखन येतं, फोटोंचा भरवसा धरू नका, ते वेगळे पेनड्राइव्हवर ठेवायचे. मास्तर अमावास्येला करतात. का, विचारलं, तर म्हणाले, तारीख ध्यानात राहत नाही, अमावास्या राहते.

त्या मुलीला मी एक विचारायचं विसरलो, तिला लिहायचंय कशावर. तिच्या आजीच्या हातचे गोवऱ्यांवरचे रोडगे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. त्यावर लिहिणार असेल तर पहिला वाचक मी.

आणि हो, तुमच्यातले पुष्कळजण मास्तरांच्या ब्लॉगचा पत्ता विचारतील. मी कालच त्यांना फोन केला होता, रेडिओवर सांगू का म्हणून. म्हणाले, "थांब जरा. आधी मी सोता उघडून पाह्यतो." अजून त्यांचा फोन आलेला नाही.