वाट पाहणारं विमान

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी सांभाळून गणवेश चढवायचा म्हटलं की आपल्याला टेरिटोरियल आर्मी आठवते. अमेरिकेत नौदलाचीही अशी राखीव फळी आहे आणि तिच्यात वैमानिक आहेत. नौदलाची सामान आणि माणसं वाहून नेणारी सी-40 विमानं, म्हणजे मूळची बोइंग 737, राखीव स्क्वाड्रन्सकडेच असतात. ती उडवणारे पुष्कळ जण एरवी एअरलाइनमध्ये असतात, काही सॉफ्टवेअर कंपनीत.

ही परंपरा जुनी आहे. 1916 साली येल विद्यापीठातल्या ट्रूबी डेव्हिसन या विद्यार्थ्याने मित्र जमवले आणि नौदलाची वाट न पाहता त्यांनी विमान चालवायला शिकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ते नौदलात दाखल झाले. त्यांच्यातल्याच डेव्हिड इंगल्सने पहिल्या महायुद्धात इतकी विमानं पाडली की 'एस' हा मान (किमान पाच विमानं पाडणाऱ्याला मिळणारा) मिळवणारा तो त्या युद्धातला नौदलाचा एकमेव वैमानिक ठरला.

मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा एक सहकारी असाच राखीव वैमानिक आहे, आणि वर त्याने एक जुनं स्टिअरमन विमान उभं करायला घेतलंय. एकावर एक अशा दोन पंखांचं, कापडाने मढवलेलं, दुसऱ्या महायुद्धात नौदलाची पोरं ज्यावर शिकली ते. जॉर्ज बुश थोरले याच जातीच्या विमानावर शिकले. युद्धानंतर यातली कितीतरी विमानं शेतांवर औषध फवारत फिरली.

हे तिन्ही त्याला कसं जमतं? मला वाटतं, तिघांचा धीर सारखा नाही म्हणून जमतं. नौदल थांबत नाही. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे हा झाला कागदावरचा हिशेब. वैमानिकाचं तेवढ्यावर भागत नाही. सिम्युलेटर, रात्रीची उड्डाणं, तपासण्या, सगळ्यात हात चालू ठेवावा लागतो. नोकरी थांबते, कारण तिला थांबायला कायदा लावतो: 1994 च्या कायद्यानुसार सेवेवर गेलेल्या माणसाची जागा राखणं मालकाला भाग आहे. विमान मात्र वर्षानुवर्षं हँगरमध्ये वाट पाहतं, तक्रार करत नाही.

एकदा त्याच्या पंखाला टाके घालायला मी हात लावला. पंखाची आतली चौकट लाकडाची, तिच्यावर पॉलिस्टरचं कापड. ते आधी इस्त्रीने ताणून घेतात, 350 अंश फॅरनहाइटच्या वर जायचं नाही. मग गोधडीला घालावेत तसे टाके. लांब सुई, मेण लावलेला दोरा. एक जण पंखाच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. मी सुई ढकलायचो, पलीकडून तो ओढून गाठ मारायचा. पुढच्या प्रोपेलरचा झोत जिथे बसतो तिथे टाके जवळजवळ. एक गाठ त्याला सैल वाटली, त्याने कापून टाकली. आमच्या कामात चूक राहिली तर आपण उद्या दुरुस्ती पाठवतो. इथे परवानाधारक मेकॅनिक तपासून लॉगबुकात सही करतो, तेव्हाच विमान उडतं.

त्याचा एक नियम मला फार पटला. नौदलाच्या ड्यूटीवरून परतल्यावर तो त्या आठवड्यात विमानाला हात लावत नाही. ते दिवस घरचे. बायकोने आणि मुलांनी आधीच पुष्कळ सोसलेलं असतं, आणि थकलेल्या हाताची गाठ पुन्हा कापावीच लागते.

अमेरिकेत ऐकणाऱ्या मराठी मित्रांनो, तुमच्या टीममध्ये असं कोणी असेल तर एक करा. सरकारी वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. त्याच्या आसपास त्याच्या ड्यूटीच्या तारखा विचारून घ्या, आणि त्या शनिवार-रविवारचा ऑन-कॉल, म्हणजे सुट्टीत अडचण आली तर धावून जायची पाळी, स्वतःच्या नावावर लावा.