अपिलाच्या पीठापर्यंतची वाट

मित्रहो, अपील न्यायालयात साक्षीदाराचा पिंजरा नसतो. खालच्या न्यायालयातील सुनावणीची बाडे, दोन्ही बाजूंची लेखी निवेदने आणि वकिलांचा मोजक्या वेळेतला युक्तिवाद, एवढ्यावरच तिथल्या तीन न्यायाधीशांना निकाल द्यायचा असतो. म्हणूनच त्या पीठावर बसणारी व्यक्ती कोणत्या वाटेने तिथवर आली, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आज तो मी अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या उदाहरणाने मांडतो.

1952 साली स्टॅनफर्डहून कायद्याची पदवी उत्तम गुणांनी मिळवूनही, केवळ स्त्री म्हणून, त्यांना कोणी वकील म्हणून कामावर घेईना. कॅलिफोर्नियातील सॅन मातेओ काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सरकारी वकिलांकडे ना पगाराची तरतूद होती, ना बसायला जागा. तेव्हा ओ'कॉनर यांनी बिनपगारी काम पत्करले आणि तिथल्या सेक्रेटरीच्या खोलीत आपले टेबल लावून घेतले. पुढे ॲरिझोनातील फिनिक्स शहराजवळ त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर वकिली सुरू केली ती बाजारातल्या गाळ्यात, किराणा दुकान आणि टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या शेजारी. जो दारात येईल तो अशील. मुले लहान असताना काही वर्षे घरी राहून त्या 1965 मध्ये राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयात रुजू झाल्या आणि 1969 मध्ये राज्याच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर, गेल्या. तिथे बहुमतातील पक्षाचे नेतेपद त्यांच्याकडे आले, जे तोवर अमेरिकेतील कोणत्याही राज्यात स्त्रीला मिळाले नव्हते.

या वाटेवरचा सर्वांत मोलाचा टप्पा मात्र मी 1974 चा मानतो. त्या वर्षी निवडून येऊन त्या मॅरिकोपा काउंटीत मूळ दावे आणि खटले चालवणाऱ्या न्यायालयात बसल्या. खोटे धनादेश दिल्याचा गुन्हा कबूल केलेल्या, लहान मुले असलेल्या एका आईला त्यांनी कैदेची शिक्षा सुनावली आणि नंतर आपल्या दालनात जाऊन त्या रडल्या, अशी नोंद आहे. शिक्षेत त्यांनी ढिलाई केली नाही, पण आपल्या शब्दाने समोरच्या माणसाचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले, आणि ते कोणत्याही बाडात उतरत नाही.

त्याच वर्षी ॲरिझोनाच्या मतदारांनी मोठ्या काउंट्यांतील आणि वरिष्ठ न्यायालयांतील न्यायाधीशांसाठी नवी पद्धत स्वीकारली होती: आयोगाने नावे सुचवायची, राज्यपालांनी त्यांतून नेमायचे आणि पुढे मतदारांनी त्या न्यायाधीशाला ठेवायचे की नाही एवढेच ठरवायचे. 1979 मध्ये डेमोक्रॅट राज्यपाल ब्रूस बॅबिट यांनी राज्याच्या अपील न्यायालयावर रिपब्लिकन ओ'कॉनर यांची नेमणूक केली, ती याच पद्धतीने.

तिथे त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. 1981 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सिनेटने 99 विरुद्ध शून्य मतांनी त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर पाठवले, आणि तिथल्या त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश ठरल्या. 2006 मध्ये निवृत्त झाल्यावर त्या संघीय अपील न्यायालयांच्या त्रिसदस्य पीठांवर पाहुण्या न्यायाधीश म्हणून पुन्हा बसू लागल्या.