गेन उतरवा, मिड चढवा

नमस्कार मंडळी. आज बोलूया जुन्या रॉकमधल्या गिटारच्या त्या आवाजाबद्दल, तो जाडसर, गोल, कानाला टोचत नाही पण स्वराच्या पोटात जरा खरखर असते ना, तो. तो शोधायला बसलं की आपण पहिलं काय करतो, अँपवरचा गेन (म्हणजे आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब) दहावर आणि बेस दहावर, मीपण दोन वर्षं तेच केलं, घरी एकट्याने वाजवताना भारी वाटायचं पण ड्रम आणि बेस गिटार सुरू झाली की माझी गिटार गायब, नुसता गाळ.

१९६६ साली लंडनमध्ये डेक्काच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ब्ल्यूजब्रेकर्स या बँडचं रेकॉर्डिंग चाललं होतं, गिटारवर तरुण एरिक क्लॅप्टन. हातात गिब्सन लेस पॉल, मागे मार्शलचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, त्यात १२ इंची दोन स्पीकर. स्टुडिओत अँप दबकून वाजवायची तेव्हा पद्धत होती, आणि हा पठ्ठ्या स्टेजवर वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवणार म्हणून अडून बसला. सगळी गंमत तिथेच आहे बघा, त्या अँपला वेगळा गेन नॉब नव्हताच. व्हॉल्यूम चढवत गेलं की आतले व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, ताणले जातात, जोरात छेडलेल्या स्वराची टोकं तुटत नाहीत, घासून गोल होतात आणि आस लांबते.

घरी तेवढा आवाज कोण करू देणार? म्हणून सुरुवात अशी करा: गेन ३ किंवा ४, बेस ४, ट्रेबल ५ आणि मिड, म्हणजे बेस आणि ट्रेबलच्या मधला आवाज, थेट ७. गिटारचा जीव मिडमध्येच असतो, तो कापू नका.

आता ऐका, गिटार माझ्या मांडीवर आहे. तिसरी तार, सातवा फ्रेट, गिटारवरचा टोन नॉब दहावर... हा असा, जरा चिरका. आता तीच तार, आणि करंगळीने नॉब हळूहळू सहापर्यंत आणतोय... आली ना ऊब? तंबोऱ्याची जवारी लावताना धागा केसभर सरकवतात, अगदी तसंच, नॉब झटक्यात फिरवायचा नाही, कान देऊन थांबायचं.

गिटारचा व्हॉल्यूमसुद्धा सातवर ठेवा, हलक्या हाताने स्वच्छ वाजेल आणि सोलोला दहावर नेलात की गुरगुरेल, पायातल्या पेडलची गरजच नाही.

हेडफोनवर वाजवणाऱ्यांनो, तुमचा आवाज माशी घोंघावल्यासारखा येत असेल तर मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरच्या ॲपमधला स्पीकर कॅबिनेट, म्हणजे खऱ्या स्पीकरच्या पेटीची नक्कल, चालू आहे का ते आधी बघा. खरा गिटारचा स्पीकर ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आणि कॅबिनेट बंद असेल तर ती सगळी कचकच सरळ कानात येते.

चला, आता टोन नॉब सहावरच ठेवून तेवढीच ओळ पुन्हा वाजवतो, या वेळी ड्रमसोबत.