न झालेली लढाई

मित्रहो, दिग्दर्शक जॉन फोर्डनं अमेरिकी घोडदळावर लागोपाठ तीन वर्षांत तीन चित्रपट केले. १९४८ चा ‘फोर्ट अपाची’, १९४९ चा ‘शी वोअर अ यलो रिबन’ आणि १९५० चा ‘रिओ ग्रँड’. मी आज मधल्यावर बोलणार आहे. तिघांत रंगीत तेवढा हाच, आणि वय झालेल्या माणसाकडे इतक्या मायेनं पाहणारा दुसरा वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेवरचा चित्रपट, मला तरी भेटलेला नाही.

काळ १८७६ चा. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मूळ अमेरिकी टोळ्यांकडून घोडदळाचा अधिकारी कस्टर मारला गेल्याची बातमी नुकतीच येऊन धडकलीय. फोर्ट स्टार्क नावाच्या ठाण्यावर कॅप्टन नेथन ब्रिटल्स कॅलेंडरवरच्या तारखा खोडतोय. निवृत्ती तोंडावर आलीय. संध्याकाळी तो बायकोच्या थडग्यापाशी जातो, झाडांना पाणी घालतो आणि दिवसभराची हकिगत तिला सांगतो. भूमिका जॉन वेनची. चित्रीकरणाच्या वेळी तो अवघा ४१ वर्षांचा होता!

त्याची शेवटची मोहीम साफ फसते. ठाण्यावरच्या दोन बायकांना टपालगाडीपर्यंत सुखरूप पोचवायचं असतं. जाऊन पाहतो तर तिथलं ठाणं बेचिराख. परतीच्या वाटेवर मॉन्युमेंट व्हॅली या खडकाळ वाळवंटी खोऱ्यात वादळ गाठतं. विजा कडाडताहेत, जवान घोड्यांचे लगाम धरून पायी चाललेत आणि चालत्या गाडीत डॉक्टर जखमी जवानावर शस्त्रक्रिया करतोय. छायाचित्रणाचं ऑस्कर विंटन हॉकला मिळालं. हा एक प्रसंग पाहिला तरी ते का, हे कळतं.

मग निरोपाचा प्रसंग. तुकडी घोड्यांवर रांगेत उभी. जवान त्याला चांदीचं घड्याळ देतात. मागं काहीतरी कोरलंय, पण ते त्याला वाचता येईना. तो अवघडून खिशातून चष्मा काढतो, सगळ्यांदेखत डोळ्यांवर चढवतो आणि वाचतो. गळा दाटून आलेला, पण शिस्त सुटत नाही. वेननं आयुष्यात किती बंदुका चालवल्या असतील. मला त्याचा अभिनय या चष्म्यात दिसतो.

पुढं तो शत्रूच्या, म्हणजे शायान आणि अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींच्या, तळावर जाऊन पोनी दॅट वॉक्स या सरदाराला, आपल्या जुन्या मित्राला, भेटतो. म्हाताऱ्यांनी लढाया थांबवायला हव्यात, असं ब्रिटल्सचं म्हणणं. तो वृद्ध सरदार सांगतो, आता उशीर झाला, पोरं माझं ऐकत नाहीत. दोघांचीही सत्ता सरलेली. तेव्हा मध्यरात्री नोकरी संपायच्या आत ब्रिटल्स तळावर घोडदौड करतो ती माणसं मारायला नव्हे, त्यांचे घोडे उधळून लावायला. घोडेच गेले, तर लढणार कशावर? युद्धपटाचा उत्कर्षबिंदू म्हणजे न झालेली लढाई, हे धाडस मला फार मोठं वाटतं.

दोष आहेतच. शायान आणि अरापाहो लोकांची बाजू चित्रपट जवळजवळ मांडतच नाही. हा सरदार वगळला तर ते केवळ दूरवरचा धोका म्हणून येतात. पडद्यावर त्यांच्या जागी दिसतात ते बहुतेक मॉन्युमेंट व्हॅलीतले नावाहो जमातीचे लोक.

आणि शेवट मला पटत नाही. ब्रिटल्स एकटा पश्चिमेकडे निघालेला असताना पाठीमागून हुकूम येतो : लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा, स्काउटांचा, म्हणजे टेहळ्यांचा, प्रमुख. लगेच परत, लगेच नाच-समारंभ. फोर्डला त्याला एकटं सोडवलं नाही, हे मी समजू शकतो. पण मी असतो, तर त्याला तसंच जाऊ दिलं असतं.