दोरातली यक्षी

नमस्कार. आजचा जाहीर विषय ‘लज्जागौरी आणि आजच्या स्त्री-कलावंत’. लज्जागौरी म्हणजे जननाची प्राचीन देवी; तिच्याकडे जायचंच आहे. पण आधी एक गाठ मारायला शिकू, मग तिच्याकडे जाऊ. उलट्या क्रमानं गेलो तर नुसती नावं हाती लागतील.

आणि त्याच्याही आधी एक तक्रार. नवरात्र आलं की चित्रप्रदर्शनांत एक चित्र हमखास असतं. आठ हातांची बाई. एका हातात लाटणं, दुसऱ्यात लॅपटॉप, तिसऱ्यात बाळाची बाटली, चौथ्यात गाडीची किल्ली. उरलेले हात तुम्हीच भरा, तुम्हाला सगळे पाठ आहेत. पाहणारा हात मोजतो, वस्तू ओळखतो, मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. चित्र वाचून झालं, पाहायचं राहिलं. ते काढणाऱ्या बाईचा हेतू चांगला असतो, कष्ट खरे असतात, आणि म्हणूनच मला त्याचं वाईट वाटतं. आयुधांची यादी बदलली की देवी आजची होते, ही समजूत तिला कुणीतरी दिलेली असते.

मूर्तिशास्त्रात आयुधांना मोल आहे, याबद्दल वाद नाही. चामुंडा कोणती, वैष्णवी कोणती, हे त्यांवरूनही ठरतं. पण ते ओळखीपुरतं. दीदारगंजची यक्षी आठवा. १९१७ साली पाटण्याजवळ गंगेच्या काठी सापडली. चुनारचा वालुकाश्म, आरशासारखी झिलई. उजव्या हातात चवरी आहे आणि डावा हात तुटलेला, नाहीच. तिच्यापुढे उभं राहिल्यावर कुणाला ती अर्धी वाटली आहे का? तिचं बळ पोटावरच्या वळ्यांत आहे, किंचित पुढे झुकलेल्या अंगात आहे. आणि माहूरची रेणुका? तिथे तर फक्त शेंदराचा मुखवटा. हातच नाहीत. गर्दीतून रेटत त्या तांदळ्यासमोर, म्हणजे शेंदूर चढलेल्या अघडीव देवरूपासमोर, पोचलं की माणूस क्षणभर गप्प होतो. ते गप्प होणं कशानं घडतं? आकारानं, जवळिकीनं, अंधारानं, थरांवर चढलेल्या थरांनी. कलावंतानं उचलायचं असेल तर हे उचलावं.

हे ज्यांनी उचललं त्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जी. जन्म १९४९, मुंबईचा. वडील बिनोदबिहारी, आई लीला, दोघंही कलावंत. बडोद्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या आणि सत्तरच्या दशकात दोर हातात घेतला. तागाचा जाड, खरखरीत दोर. ‘देवी’ १९८२ची, ‘यक्षी’ १९८४ची. ही यक्षी सव्वादोन मीटर उंच आहे, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे, आणि अख्खी गाठींची आहे. माग नाही, सुई नाही, आधी काढलेला आराखडाही नाही.

आता गाठ. गाठकामातली पायाभूत गाठ सांगतो. एक दोर आडवा ताणून धरायचा, त्याला धारक म्हणू. वरून लोंबणारा एकेक दोर घ्यायचा, धारकाभोवती एक वेढा द्यायचा, टोक वेढ्यातून काढून घट्ट ओढायचं, आणि लगेच त्याच दोराचा तसाच दुसरा वेढा. दोन वेढ्यांची मिळून एक गाठ. एकाच वेढ्यावर थांबलात तर ती सरकते. शेजारच्या दोराची गाठ हिला अगदी चिकटून. अशा पन्नास-शंभर झाल्या की एक कणा उमटतो. धारक तिरपा धरला तर कणा तिरपा, धारक वळवला तर कणा वळतो. चित्रकार पेन्सिलीनं रेघ ओढतो, तशी इथे धारकानं रेघ ओढायची.

रेघेतून अंग कसं होतं? ज्यांनी स्वेटर विणला आहे त्यांना चटकन कळेल. मध्येच नवे दोर घातले की विणलेलं फुगतं, दोर गाळले की आत ओढलं जातं. काठावर दोर जास्त झाले की झालर पडते. स्वेटरला अशी झालर पडली तर आपण उसवतो. मुखर्जींनी तीच झालर मुद्दाम वाढवली आणि तिचा ओठ केला, पाकळी केली, योनी केली. सपाट कापडाला अंग आलं ते या वाढवण्या-घटवण्यातून.

बिघडतं कुठे, तेही ऐका. पहिलं, दोराची लांबी. तयार कामाच्या निदान चौपट दोर धरावा लागतो, दाट गाठींना त्याहून जास्त. मधोमध दुमडून टांगायचा असेल तर आठपट. कमी पडला तर जोड द्यावा लागतो आणि जोड उठून दिसतो, तो मागच्या अंगाला ढकलायचा. दुसरं, ओल. दोर रंगवला की तो पूर्ण वाळू द्यायचा. ओला दोर फुगतो आणि लांबीत आखडतो. त्या अवस्थेत गाठी मारल्या तर मारताना घट्ट लागतात आणि वाळल्यावर सैल पडतात. आठवड्याचं काम ढिलं. ओलसर दोर आतल्या लोखंडाला लागला तर गंजाचा डाग बाहेर येतो, तो वेगळाच. तिसरं, ताण. सकाळी ताजा हात जोरानं ओढतो, संध्याकाळी थकलेला हात हळू. तो फरक गाठींत उतरतो, आणि रांग बाक धरते. चौथं, वजन. लहान काम टांगलेलं चालतं, मोठं काम स्वतःच्या भारानं लांबतं, खांदे उतरतात. म्हणून मोठ्या कामांच्या आत धातूचा सांगाडा. आणि शेवटचं, उजेड. रंगवलेला धागा उजेडानं विटतो. संग्रहालयं अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंद प्रकाश ठेवतात. इथे मात्र ही अडचण कामाच्या पथ्यावर पडली. मंद उजेडात दोराचा खरबरीतपणा प्रकाश पिऊन टाकतो, घड्यांच्या आत काळोख साचतो, आणि दालनाचा गाभारा होतो. चुनारच्या दगडाची ती दीदारगंजची यक्षी उजेड परत फेकते, दोराची यक्षी तो गिळते. दोघींपुढे माणूस सारखाच थबकतो.

मोठ्या एकेका कामाला वर्ष वर्ष जायचं. आणि या कामाला बरीच वर्षं काय म्हटलं गेलं? हस्तकला. दगड फोडला तर शिल्प आणि दोर बांधला तर हस्तकला, ही वाटणी कुणी केली? दोर, सुई, शेण, पीठ हे बायकांच्या हातातलं म्हणून खालचं, एवढंच तिच्यामागे आहे. २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं आणि ते उघडल्यावर काही दिवसांतच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयातलं प्रदर्शन २०१९चं. ते बघायला त्या नव्हत्या. हे मला फार लागतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. तर भरभर.

मग हात वाढवायचेच नाहीत का? वाढवा, पण हाताला काम द्या. अर्पिता सिंग यांची ‘देवी पिस्तूलवाली’, १९९०. पांढऱ्या साडीतली अनेक हातांची बाई. एका हातात पिस्तूल आहे, आणि दुसरा हात साडी सावरतो. साडी सावरणारा तो हात झाका आणि चित्र पाहा, ती नुसती पोस्टरवरची वीरांगना उरते. सुतपा बिस्वास यांचं १९८५चं चित्र घ्या, स्वयंपाकाची सुरी घेतलेली काली, विलायतेतली गृहिणी. ते भिंतीला सपाट लावत नाहीत, वरची कड पुढे काढून पाहणाऱ्यावर झुकतं ठेवतात. आपल्याला मान वर करावी लागते आणि ती अंगावर येते. सगळी काली त्या कोनात आहे. नलिनी मालाणी मायलरच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याच्या, मागच्या बाजूनं रंगवतात. उलट क्रम: डोळ्यातला ठिपका आधी, पार्श्वभूमी शेवटी, आणि चुकलेला ठिपका नंतर बुजवता येत नाही. त्या मायलरची नळकांडी करून ती फिरती टांगली आणि त्यांतून प्रकाश टाकला की सीता आणि ग्रीक पुराणकथेतली मेडिया भिंतीवर एकमेकींतून जातात. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात अशी पाच नळकांडी फिरत होती.

आणि आता लज्जागौरी. तेर, भोकरदन, आलमपूर, बदामीचा परिसर, इथे तिच्या मूर्ती सापडल्या. कुठे तळहाताएवढी, कुठे जवळजवळ माणसाएवढी. डोकं नाही, त्या जागी उमललेलं कमळ. गुडघे दुमडून पाय फाकलेले. लाज या शब्दाशी तिचा काही संबंध दिसत नाही, ते नाव आपल्या नजरेचं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उत्तानपद येते, जिच्यापासून पृथ्वी जन्मली. तिच्याशी या मूर्तीचं नातं अभ्यासक जोडतात. मुखर्जींच्या ‘आदिपुष्प’ नावाच्या दोरशिल्पांतही फूल आणि योनी वेगळी काढता येत नाहीत. ती लज्जागौरीची नक्कल नाही. इथे डोकं काढून कमळ बसवलं, तिथे दोर वाढवून झालर पाडली, आणि दोन्हीकडे चेहरा न दाखवता अंगच बोलतं.

एक करा. उत्तान म्हणजे पाठीवर, आकाशाकडे तोंड करून. संग्रहालयात तिला बहुधा भिंतीशी उभी टेकवलेली असते, त्यामुळे ती उकिडवी बसल्यासारखी दिसते. पुढच्या वेळी तिचा फोटो काढलात तर फोन जमिनीवर आडवा ठेवा, आणि वरून, उभं राहून तिच्याकडे बघा.